१३२ सीसीची गाडी आणि १३० चा वर्ग : एका आरएक्स १३५ चं प्रकरण

सांगलीच्या एका तरुणाकडे वडिलांची यामाहा आरएक्स १३५ आहे. १९९९ ची, फाइव्ह स्पीड, कागदपत्रं चोख, इंजिन नंबर आणि चासी नंबर मूळचेच. त्याला ही गाडी क्लबच्या ड्रॅग स्पर्धेत, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, उतरवायची होती. मित्रमंडळींनी वर्ग आधीच ठरवून टाकला होता : '१३० सीसीपर्यंत, टू-स्ट्रोक'. कारण काय, तर ओळखीतली आरएक्स १०० वाली पोरं त्याच वर्गात पळतात आणि 'आरएक्सचाच वर्ग आहे तो'. एंट्री फॉर्म भरून झाला होता, फक्त पैसे भरायचे बाकी होते. त्याआधी गाडी एकदा नजरेखालून घाला, एवढंच सांगायला तो माझ्याकडे आला. आमच्याकडे नवीन माणसाची गाडी बघून वर्ग ठरवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं.

जुनी टू-स्ट्रोक घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच जागी अडतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

वडिलांची अट

गाडीबरोबर वडीलही आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. "पळवायची तर पळवा, पण गाडी कापायची नाही. स्पर्धा झाली की पुन्हा रस्त्यावर चालली पाहिजे, पासिंगला गेली तर कुणी बोट ठेवता कामा नये."

ही अट मला पहिल्यापासून पटली, आणि वर्ग ठरवताना तिचं वजन सगळ्यात जास्त होतं. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघाली, पुढे १३५ आली आणि २००५ पर्यंत चालली. त्यानंतर नवीन गाडी नाही. ज्या आहेत त्यातल्या कितीतरी स्पर्धेच्या नादात क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) खरवडून, चासी कापून, सीट-टाकी बदलून संपल्या. मूळ ब्लॉक (सिलिंडर), मूळ हेड आणि जुळणारे नंबर असलेली फाइव्ह स्पीड आता लाखाच्या घरात मागतात. पैशाचं बाजूला ठेवलं तरी वडिलांनी जपलेली गाडी एका मोसमासाठी कायमची बदलून टाकणं मला मान्य नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीत लिहिलेल्या इंजिनात परवानगीशिवाय मूलभूत बदल केला की ती गाडी रस्त्यावर कायदेशीर राहत नाही.

म्हणजे प्रश्न असा झाला : गाडीला धक्का न लावता ती कुठल्या वर्गात बसते? वर्गात बसवायला गाडी बदलायची, हा उलटा रस्ता सुरुवातीलाच बंद केला.

कुठे कुठे जागा आहे

रोड रेसिंगचा विचार आम्ही फार वेळ केला नाही. एक काळ होता की भारतातली सर्किट रेसिंग म्हणजे टू-स्ट्रोकच. शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर त्या पळाल्या, पुढे १९९० मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, तिथेही पळाल्या. १९८२ पासून रेसिंग टीम चालवणाऱ्या टीव्हीएससारख्या कंपनीने सुरुवातीची वर्षं टू-स्ट्रोकवरच काढली. आज राष्ट्रीय स्पर्धेतले वर्ग बघा : प्रो-स्टॉक १६५, प्रो-स्टॉक ३०१ ते ४००, नवोदितांचा स्टॉक १६५, आणि कंपन्यांचे वन-मेक कप, म्हणजे एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या स्पर्धा. सगळे फोर-स्ट्रोक. जगातही तेच झालं. २००२ मध्ये मोटोजीपीत ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या आणि लवकरच ५०० च्या टू-स्ट्रोक हटल्या, २०१० मध्ये २५० चा वर्ग गेला, २०१२ मध्ये १२५ चा. जुन्या टू-स्ट्रोकला सर्किटवर हौशी ट्रॅक डे करता येतो. स्पर्धा म्हणाल तर नाही.

डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉस, म्हणजे मातीवरच्या आणि उड्यांच्या शर्यती, हा पश्चिम महाराष्ट्राचा जिव्हाळ्याचा विषय. कोल्हापूर, पुणे, नाशिक, कुठेही मैदान आखलं की माणसं जमतात. तिथे भारतीय बनावटीच्या गाड्यांचे वर्ग असतात आणि आरएक्स पूर्वी तिथे राज्य करून गेलेली आहे. पण उड्या मारायच्या तर सस्पेन्शन बदला, हँडल बदला, पायदानं वर घ्या, चासीला जागोजागी पट्ट्या मारा. वडिलांच्या अटीत ते बसत नाही. सोडून दिलं.

राहिली ड्रॅग. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, जागा कमी असेल तिथे त्याहून लहान. दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवा लागला की सुटायचं. गाडीवर ताण येतो तो क्लचवर, चेनवर आणि क्रँकवर, आणि हे तिन्ही बदलता येणारे भाग आहेत. चासीला काही होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टू-स्ट्रोकला वेगळे वर्ग अजून टिकून आहेत ते इथेच. राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धेत टू-स्ट्रोकसाठी १३० सीसीपर्यंत आणि १३१ ते १६५ सीसी असे वर्ग ठेवले गेले आहेत, आणि आपल्या भागातले क्लब बहुतेक त्याच धर्तीवर पूरक नियमावली काढतात. या स्पर्धेचे वर्गही तसेच होते.

ब्लॉकमध्ये खरोखर किती सीसी आहे

गाडीच्या नावातला आकडा आणि ब्लॉकमधला आकडा एक नसतो. आरएक्स १३५ कागदावर १३२ सीसीची आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५० मिमी. व्यास गुणिले व्यास, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, भागिले हजार. येतात १३२.१. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाच ही गाडी १३० च्या वर दोन सीसी होती. नवीकोरी असती तरी त्या वर्गात बसली नसती.

आणि ही नवीकोरी नव्हती. मधे कधीतरी रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं) झालेलं होतं, कितीचं ते कुणालाच नक्की आठवत नव्हतं. म्हणून ब्लॉक उतरवला आणि कोल्हापूरला उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात घेऊन गेलो. तिथल्या ज्या कारागिराकडे आम्ही जातो, तो आधी ब्लॉक स्वच्छ पुसतो, मग थोडा वेळ तसाच टेबलावर ठेवतो. उन्हातून आणलेला ब्लॉक मोजत नाही. मग बोअर गेज वरून खाली उतरवतो : रिंग जिथपर्यंत येते त्या वरच्या टोकाला, पोर्टच्या (वायू आत-बाहेर जायच्या खिडक्यांच्या) वर, आणि खाली स्कर्टपाशी. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा पिनच्या रेषेत आणि एकदा तिच्या आडवं. डायलचा काटा जिथे परत फिरतो तो आकडा तो खडूने टेबलावरच लिहितो. आमच्या ब्लॉकचे आकडे ५८.५२ पासून ५८.५८ पर्यंत गेले. म्हणजे मागचं काम ०.५० ओव्हरसाइजचं, मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठं, आणि त्यावर झीज. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडली तर खाली '५०' कोरलेलं दिसलंच.

पुढचं माप ०.७५. ५८.७५ मिमीला १३५.५ सीसी होतात. तोच काय तो करण्यासारखा रिबोअर होता, कारण तेवढी झीज असलेला ब्लॉक नुसत्या नव्या रिंगांवर पळवणं म्हणजे पिस्टन खडखडत ठेवणं.

स्पर्धेत जिंकणाऱ्याचा ब्लॉक उघडला जाऊ शकतो. कुणी हरकत घेतली तर हमखास उघडतात. १३० च्या वर्गात १३५.५ निघाले असते तर नाव बाद, आणि गावभर चर्चा की अमक्याने सीसी चोरली. पोराचा हेतू तसा मुळीच नव्हता. पण स्क्रुटिनीच्या, म्हणजे गाडी तपासणीच्या, टेबलावर हेतू मोजत नाहीत.

१३० मध्ये बसवायचा मार्ग, आणि तो का सोडला

मित्रांनी लगेच तोडगा काढला : स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) बदला, बोअर कमी करा. हे होतं. जुनी स्लीव्ह काढून नवीन घालायची आणि ५७.५ मिमीला आणायची, म्हणजे १२९.८ सीसी. ऐकायला सोपं आहे. पण ५७.६ ला गेलात की १३०.३, वर्गाबाहेर. मिलिमीटरच्या दहाव्या भागावर सगळं उभं राहतं. एकदा पिस्टन चिकटला, होनिंगमध्ये (आतून गुळगुळीत करताना) थोडं जास्त गेलं, की रिबोअरला जागाच नाही. ५७ मिमीला धरलं तर १२७.६ होतात आणि जरा श्वास मिळतो, पण मग त्या मापाचा पिस्टन शोधा ज्याची पिन जुळेल, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची जुळेल आणि रिंगची तोंडं पोर्टमध्ये अडकणार नाहीत. शिवाय स्लीव्हमधले पोर्ट हाताने उघडायचे. टू-स्ट्रोकचं सगळं मर्म त्या खिडक्यांत असतं. एक्झॉस्टची वरची कड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर गाडीचा स्वभाव बदलतो.

एवढा खर्च करून हाती काय येतं? १३० च्या वर्गात मुरलेल्या गाड्या म्हणजे आरएक्स १०० चा ब्लॉक मोठा करून त्याच १२९ च्या आसपास आणलेल्या, वर्षानुवर्षं त्याच एका मापासाठी घडवलेल्या. आपण आपली गाडी लहान करून तिथे जाणार आणि तरी मागेच राहणार.

खरा निर्णय मात्र नियमावलीतल्या एका ओळीने केला. शेवटच्या पानावर होतं : एखाद्या वर्गात किमान नोंदी आल्या नाहीत तर तो वर्ग वरच्या वर्गात विलीन केला जाईल. क्लबच्या स्पर्धेत हे कलम फार कळीचं असतं आणि फार कमी लोक ते वाचतात. आयोजकांना फोन लावला. आधीच्या स्पर्धेत १३० चा वर्ग याच कारणाने वर ढकलला गेला होता. म्हणजे स्लीव्हचा सगळा खटाटोप करून गाडी १२९ वर आणायची आणि पळायचं शेवटी १६५ वाल्यांबरोबरच, असं होण्याची चांगलीच शक्यता होती. वर्ग निवडताना मी आता आधी हीच ओळ शोधतो, मग सीसीची.

१३१ ते १६५ : तळाला राहून पळणं

या वर्गात आपली गाडी १३५.५ ची. समोरच्या कुठल्या? पन्नासच्या स्ट्रोकवर ६४ मिमीचा पिस्टन बसवला की १६०.८ सीसी होतात. ६४ म्हणजे राजदूत ३५० च्या पिस्टनचाच व्यास. ६५ ला गेलं तर १६५.९, वर्गाबाहेर. त्यामुळे इथल्या पूर्ण तयारीच्या गाड्या साधारण १६० च्या घरात असतात. त्यासाठी क्रँककेसचं तोंड मोठं करावं लागतं, आणि ते एकदा केलं की परत येत नाही. आपल्यापेक्षा पंचवीस सीसी जास्त, वर पोर्टिंग, मोठा कार्ब्युरेटर, एक्सपान्शन चेंबर (रेसिंगचा एक्झॉस्ट). मूळ फाइव्ह स्पीडची ताकद चौदा बीएचपी. फरक उघड आहे.

एरवी वर्गाच्या तळाशी कुणालाही पाठवू नये या मताचा मी आहे. सर्किटवर तर नाहीच. तिथे सावकाश गाडी दर फेरीला मागे पडते, वेगवान गाड्या आतून-बाहेरून काढतात, नवीन माणूस घाबरतो आणि धोकाही वाढतो. ड्रॅगचं तसं नाही. आपली लेन आपली असते. समोरचा पुढे गेला तरी आपल्या हातात वेळेची चिठ्ठी येतेच : सुटायला किती लागला, पट्टी किती सेकंदांत संपली. पहिल्या मोसमात शिकायचं असतं ते सुटणं आणि गिअर, आणि ते १३५ सीसीवर शिकता येतं. म्हणून सल्ला दिला तो हा : १३१ ते १६५ मध्ये नोंदणी कर, ब्लॉक ०.७५ ला नीट बोअर कर, पोर्टला हात लावू नको, आणि आकडा फॉर्मवर स्वच्छ लिही, १३५.५.

पोराचा चेहरा पडला. त्याला जिंकायचं होतं, आणि त्यात गैर काही नाही. वडील मात्र म्हणाले, "पहिल्यांदा पळ तरी." तिथे विषय संपला.

तयारी

जुन्या टू-स्ट्रोकची तयारी म्हणजे आधी हवा कुठून शिरते ते शोधणं. क्रँकची सील वीस-पंचवीस वर्षांत कडक होतात. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की तिथून कोरडी हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन चिकटतो. रस्त्यावर हे महिनोन्महिने लक्षात येत नाही, पट्टीवर पहिल्याच धावेत येतं.

तपासायला महागडं काही लागत नाही. कार्ब्युरेटरचं आणि एक्झॉस्टचं तोंड रबराने बंद करायचं, प्लगच्या जागी नळी बसवायची आणि तिला ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल जोडायचा. ३०० मिमीपर्यंत दाब चढवला की साधारण सहा पीएसआय होतात, तेवढं पुरतं. काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. आमचा बघता बघता खाली येत होता. मॅग्नेटो काढून साबणाचं पाणी लावलं तर सीलच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ फुटली. क्लचच्या बाजूचं ठीक होतं. तरी दोन्ही सील एकदमच बदलली, कारण त्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळायला लागतं आणि धुराच्या गाडीत ते पटकन ओळखू येत नाही.

बाकीचं नियमावलीप्रमाणे : स्टँड आणि आरसे काढले, ड्रेन बोल्टला तार मारली, मनगटाला बांधायचा किल स्विच बसवला, चेन नवीन. मूळ सायलेन्सर तसाच ठेवला. मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात केली आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन बंद करून प्लग बघत बघत खाली आलो. अंगावर लेदर सूट, घोट्यावरचे बूट, हातमोजे, मान्यताप्राप्त शिक्क्याचं हेल्मेट. स्पर्धेचं लायसन्स आणि डॉक्टरांचा दाखला आधीच काढून ठेवला होता. गाडी छोट्या टेम्पोतून नेली.

रस्त्यावर सराव करायचा नाही हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो. बायपासवर रात्री 'जरा बघू' म्हणून केलेली एक धाव हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात माणसं मेलेली आहेत. सराव हवा तर बंद जागेत, क्लबच्या सरावाच्या दिवशी, रुग्णवाहिका उभी असताना.

काय झालं

१३० चा वर्ग त्या दिवशीही विलीन झाला. आरएक्स १०० वाले सगळे १६५ मध्ये आले, आणि त्यांच्यातले दोघे स्क्रुटिनीच्या टेबलापाशी नाराज उभे होते, कारण त्यांनी खास १२९ साठी ब्लॉक करून आणले होते.

आमचा पोरगा बाद फेरीत पहिल्याच गाडीला हरला, समोर तयारीची १६० होती. पण पात्रता फेऱ्यांत त्याने आपली वेळ दर धावेला खाली आणली. पहिल्या धावेत त्याने क्लच एकदम सोडला, पुढचं चाक उचललं आणि घाबरून थ्रॉटल बंद केला. शेवटच्या धावेत क्लच घसरवत, टाकीवर पोट टेकवून सुटला. दोन्हींतला फरक सेकंदापेक्षा जास्त होता आणि गाडीत त्यासाठी काहीच बदललेलं नव्हतं. विलीन झालेल्या वर्गात, मूळ सायलेन्सर आणि मूळ पोर्ट असलेल्या गाड्यांमध्ये त्याची वेळ सगळ्यात चांगली होती. त्यासाठी बक्षीस नव्हतं. पण ती चिठ्ठी बघितल्यावर माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न उभा राहिला.

वर्गच नसेल तर

ऑस्ट्रेलियात जुन्या गाड्यांच्या स्पर्धा आधी काळावर विभागतात, मग सीसीवर. १९६३ ते १९७२ चौथा कालखंड, १९७३ ते १९८२ पाचवा, १९८३ ते १९९० सहावा. तिथे यामाहाची १९७० ची आर५ एका कालखंडात पडते आणि तिच्याच वंशातली १९७३ ची आरडी ३५० पुढच्यात, मोजमाप तेच असलं तरी. त्यातही वाद होतात, पण त्या काळात जे भाग होते तेच लावायचे ही शिस्त असल्यामुळे मूळ गाड्या जगतात. आपल्याकडे सीसी एवढी एकच पट्टी आहे. सीसीची मर्यादा दिली की प्रत्येक जण त्या मर्यादेपर्यंत ब्लॉक खरवडतो, आणि जो खरवडत नाही त्याला जागा उरत नाही. आरएक्स, शोगन, मॅक्स, यझदी यांच्यातली जी काही मूळ स्थितीतली गाडी उरली आहे, तिला आज आपल्या पट्टीवर स्वतःचा वर्ग नाही. मला हे मनापासून खुपतं.

म्हणून त्या स्पर्धेनंतर आम्ही काही जणांनी मिळून क्लबकडे लेखी प्रस्ताव दिला, 'जुनी टू-स्ट्रोक, स्टॉक' असा वर्ग सुरू करा. अटी मुद्दाम थोड्या ठेवल्या. २००५ किंवा त्याआधीची भारतीय बनावटीची गाडी. मूळ स्ट्रोक. बोअर कारखान्याच्या मापापेक्षा जास्तीत जास्त १ मिमी मोठा, कारण तेवढे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात आणि जुन्या गाडीला रिबोअरशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे आरएक्स १३५ ला ५९ मिमी, १३६.७ सीसीपर्यंत, आणि आरएक्स १०० ला ५१ मिमी, १०२.१ सीसीपर्यंत मुभा. मूळ मॉडेलचा कार्ब्युरेटर, जेट मोकळे. मूळ आकाराचा सायलेन्सर. क्रँककेस खरवडलेली नको, आणि ते तपासायला ब्लॉक उचलून बघायची तयारी मालकाने फॉर्मवरच लिहून द्यायची. १०० आणि १३५ यांच्यात वेळ वेगळी मोजायची की एकत्र, हे नोंदी बघून.

पोर्टची तपासणी कशी करायची यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. शेवटी ठरलं की प्रत्येक मॉडेलच्या न छेडलेल्या ब्लॉकवरून पोर्टच्या उंचीचं पत्र्याचं टेम्प्लेट करायचं आणि तेच लावून बघायचं. आरएक्स १३५ चं टेम्प्लेट उद्यमनगरात करून घेतलंय, याच सांगलीच्या ब्लॉकवरून. आरएक्स १०० साठी न छेडलेला ब्लॉक अजून शोधतोय. क्लबने सांगितलंय की आठ नोंदी आल्या तर पुढच्या मोसमात वर्ग उघडू. सध्या पाच आहेत.